नऊ गाड्या आणि मॅन्युअलमधलं एक वाक्य

गेल्या वर्षी श्रावणात मी एका सॉफ्टवेअर लायब्ररीच्या मॅन्युअलमध्ये सतरा ठिकाणी दुरुस्ती सुचवली. ते मॅन्युअल मीच लिहिलेलं होतं, तेवीस-चोवीस वर्षांपूर्वी, नवीन पनवेलमधल्या एका रो-हाउसच्या तळमजल्यावर बसून. त्यातल्या एका चुकीच्या वाक्याच्या आधारावर द्रोणागिरीच्या एका गोदामातल्या कारकुनावर चोरीचा ठपका बसला आणि त्याची नोकरी गेली. वाक्य चुकीचं आहे हे मला त्याच वर्षी कळलं होतं. मी बोललो नाही. आता माझं वय शहात्तर आहे आणि ही हकीकत जशी घडली तशी लिहून ठेवतो आहे.

लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांचं कपाट नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना पुन्हापुन्हा लागणारं एखादं काम कुणीतरी एकदा नीट लिहून ठेवतं आणि बाकीचे ते आपापल्या प्रोग्रामला जोडून घेतात, त्याला लायब्ररी म्हणतात. आमच्या लायब्ररीचं काम साधं होतं. नोंद घ्यायची आणि फाइलच्या शेवटी जोडायची. आम्ही पाच जण होतो. मालक वरच्या मजल्यावर राहायचे. मी एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन तिथे लागलो होतो आणि माझं इंग्रजी बरं म्हणून मॅन्युअल माझ्याकडे आलं. आमची गिऱ्हाइकं बहुतेक वजनकाटेवाले. ट्रक काट्यावर येतो, वजन होतं, कारकून बटण दाबतो, पडद्यावर ‘नोंद झाली’ येतं, ट्रक जातो.

ऑफिसात चांगलं मशीन एकच होतं. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालायचे, कीबोर्डला हळदकुंकू वाहायचे. ते कुंकू बटणांच्या फटींतून संक्रांतीपर्यंत निघत राहायचं. मालकांचा एक सक्त नियम होता, चालत्या मशीनची वायर ओढायची नाही.

“चालत्या गाडीतनं माणसाला खाली ढकलता का तुम्ही?” ते म्हणायचे. “मग मशीनला का?”

गिऱ्हाइकाला माल देण्याआधी चाचण्यांची एक यादी भरायची असे. त्यात एक ओळ होती, सिस्टीम अचानक बंद पडल्यास नोंद टिकते का. ही चाचणी करायची म्हणजे नोंद घालून मशीनची वीज तोडायची. मी ती तोडली नाही. नोंद घातली, तीन बटणं एकदम दाबून आमचा प्रोग्राम तेवढा मारला आणि पुन्हा सुरू केला. नोंद जागेवर होती. मी यादीत बरोबरची खूण केली आणि मॅन्युअलमध्ये लिहिलं की, सेव्ह झालेली नोंद डिस्कवर गेलेली असते, त्यानंतर सिस्टीम बंद पडली तरी ती सुरक्षित राहते.

यात काय चुकलं ते एकदा सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजेल. प्रोग्राम स्वतः डिस्कवर काही लिहीत नाही. तो नोंद ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातात देतो. ऑपरेटिंग सिस्टीम ती आपल्या स्मरणात ठेवते आणि तिच्या सवडीने डिस्कवर उतरवते. त्या काळच्या मशीनवर तर फाइल बंद होईपर्यंत डिस्कवरच्या यादीत तिची जुनीच लांबी राहायची, म्हणजे नव्या नोंदी लिहून झाल्या तरी त्या आहेत हे डिस्कला माहीतच नसायचं. प्रोग्राम मेला तर काही बिघडत नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टीम जिवंत असते, ती मागचं आवरते, फाइल बंद करते. वीज गेली तर तीच मरते आणि तिच्या हातातलं सगळं जातं. मी तपासलं होतं प्रोग्रामचं मरण आणि लिहिलं होतं सिस्टीमचं. ‘डिस्कवर गेली’ असं लिहिलं होतं, ते ‘ऑपरेटिंग सिस्टीमच्या हवाली झाली’ असं हवं होतं. फरक मला कळत नव्हता असं नाही. कारखान्यात वीस वर्षं मी तेच काम केलं होतं. पण मालकांचा नियम होता, माल द्यायची घाई होती आणि खूण करायला एक सेकंद लागतो.

द्रोणागिरीचं गोदाम आमचं दुसरं की तिसरं गिऱ्हाईक. काट्यावरचा कारकून त्याच बाजूच्या गावातला, चाळिशीच्या आतला, अक्षर सुंदर. काटा बसवताना मी चार दिवस तिथे जात होतो तेव्हा तो रोज विचारायचा, “साहेब, पावतीची कार्बन ठेवू ना जवल?” मीच सांगितलं, आता कॉम्प्युटर आहे, कागद जमवायची गरज नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी तिथे वीज गेली. काट्याच्या केबिनमधली, वीज गेल्यावर मशीन चालू ठेवणारी बॅटरी महिनाभर बंद होती, कारकुनाने दोनदा कळवलं होतं. वीज आली, मशीन सुरू झालं आणि त्या सकाळच्या सगळ्या नोंदी नाहीशा झालेल्या. गेटवरच्या पहारेकऱ्याच्या वहीत नऊ गाड्या होत्या, काट्याच्या फाइलमध्ये एकही नाही. पावत्या घेऊन ड्रायव्हर निघून गेलेले. गोदामाच्या व्यवस्थापकाने अर्थ लावला की गाड्यांमधून जास्तीचा माल गेला आणि कारकुनाने नोंदी पुसल्या. कारकून म्हणत राहिला, “मशीन बोललं नोंद झाली. नऊ येला बोललं.”

व्यवस्थापकाने आमच्याकडे लेखी विचारणा केली की, सेव्ह झालेली नोंद वीज गेल्यामुळे जाऊ शकते का?

मालकांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. “मॅन्युअल तुमचं आहे. उत्तर तुम्हीच द्या.”

मी उत्तर दिलं. मॅन्युअलचा पान क्रमांक घातला आणि लिहिलं की सेव्ह झालेली नोंद वीज गेल्यावरही राहते, त्यामुळे नोंदी हाताने काढल्या गेल्या असण्याची शक्यता अधिक वाटते. खाली सही केली. लिहिताना ती खूण मला आठवत होती. ‘शक्यता अधिक वाटते’ असं लिहिलं की आपण पूर्ण खोटं लिहीत नाही, अशी मी समजूत करून घेतली. आठवड्याभरात त्याला काढलं.

गणपतीत ऑफिसला सुट्टी होती आणि मालक गावी गेले होते. माझ्याकडे किल्ली होती. मी त्या मशीनवर पाच नोंदी घातल्या, पाचही वेळा ‘नोंद झाली’ वाचलं आणि भिंतीतून वायर ओढली. पुन्हा सुरू केल्यावर एकही नव्हती. मालक परत आले त्या दिवशी सांगितलं.

“काट्याच्या प्रोग्राममध्ये बदल करा. दर नोंदीनंतर फाइल बंद करायची, पुन्हा उघडायची,” ते म्हणाले. “लायब्ररीला हात लावू नका. मॅन्युअललाही नको.”

“आणि तो माणूस?”

“पत्र मागे घेतलं तर सगळे काटे जातील. आपण पाच जण घरी बसू.”

मालक आता नाहीत. त्यांच्यावर ढकलण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांनी माझे हात बांधले नव्हते. नव्याण्णव टक्के गोष्ट माझीच होती, खूण माझी, वाक्य माझं, सही माझी. मी बदल केला, चहा घेतला आणि पुढच्या कामाला लागलो.

काही वर्षांनी धंदा बंद झाला. बंद करताना मालकांनी लायब्ररी इंटरनेटवर सगळ्यांना फुकट वापरायला खुली करून टाकली. मला वाटलं होतं ती तिथेच मरेल. तसं झालं नाही. दुसऱ्या कुणीतरी ती सांभाळायला घेतली, नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालती केली, तिच्यात भर घातली. मॅन्युअल मात्र माझंच राहिलं. मी निवृत्त झाल्यावर अधूनमधून तिचं पान उघडून बघायचो, काय बघायचो ते सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी तिथे एकाचा प्रश्न दिसला. वीज गेल्यावर आमच्या दवाखान्याच्या नोंदी गेल्या, मॅन्युअलमध्ये तर राहतील असं लिहिलं आहे, माझं काय चुकलं? खाली कुणीतरी उत्तर दिलं होतं की मॅन्युअल स्पष्ट आहे, नोंदी तुमच्याकडच्या कुणीतरी पुसल्या असणार, तुमच्या माणसांना विचारा.

ते उत्तर मी तीनदा वाचलं. माझंच पत्र होतं ते, फक्त आता लिहिणारा दुसरा.

दुरुस्त्या करायला मला अकरा दिवस लागले. ‘डिस्कवर’ जिथे जिथे होतं तिथे ‘ऑपरेटिंग सिस्टीमकडे’ असं केलं. ‘सिस्टीम बंद पडली तरी’ जिथे होतं तिथे ‘प्रोग्राम बंद पडला तरी’ असं केलं आणि वीज गेल्यास हमी नाही हे वेगळं लिहिलं. डिस्कवर खरोखर उतरवायचं असेल तर ऑपरेटिंग सिस्टीमला तसं बजावून सांगण्यासाठी कोणतं फंक्शन वापरायचं, तेही लिहिलं. शेवटी बदलांच्या इतिहासात एक परिच्छेद घातला. त्यात ही सगळी गोष्ट होती, माझा पश्चात्तापही होता.

लायब्ररी सांभाळणारी बाई दक्षिणेतल्या कुठल्यातरी शहरात असते. वयाने माझ्या मुलीएवढी असावी. तिचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. शब्दांच्या दुरुस्त्या बरोबर आहेत, तिने लिहिलं, पण मूळ चाचणी झालीच नव्हती हे तुम्ही खात्रीने सांगू शकता का?

ती करायचं काम माझं होतं, मी लिहिलं.

यानंतर दोन दिवस काही आलं नाही. मग आलं. मॅन्युअलमध्ये पश्चात्तापाला जागा नाही, तो तुम्ही दुसरीकडे व्यक्त करा. काय चुकीचं होतं आणि कधीपासून, एवढंच ठेवू. एक वाक्य मी वाढवते. तिने वाढवलेलं वाक्य असं होतं की, या वर्णनावर विसंबून पूर्वी कुणी काही निष्कर्ष काढले असतील तर ते पुन्हा तपासावेत. हे पहिल्या आवृत्तीपासून चुकीचं होतं असंही तिने स्पष्ट ठेवलं आणि दवाखानेवाल्याच्या प्रश्नाखाली स्वतः उत्तर लिहिलं, तुमचं काही चुकलेलं नाही.

मी ते पान छापून घेतलं. सोबत माझं एक पत्र मराठीत लिहिलं, तेव्हाचं पत्र चुकीचं होतं आणि ते लिहिताना मला त्याची शंका होती, असं. मग बायकोला सांगितलं. इतक्या वर्षांत तिला सांगितलं नव्हतं.

तिने कागद वाचले, चष्मा काढला. “म्हणून माळ्यावरचा तो डबा भंगारात देऊ देत नव्हतात होय? दर दिवाळीला आपलं ‘राहू दे, राहू दे’.” माळ्यावर त्या वेळचं एक मशीन होतं, धंदा बंद झाल्यावर मी घरी आणलेलं. “पत्र पोस्टाने नका पाठवू,” ती म्हणाली. “सही स्वतःच्या हाताने केली होतीत, हेही स्वतःच्या हाताने द्या.”

उरणच्या बसने गेलो. त्या बाजूला माझं कित्येक वर्षांत जाणं नव्हतं. जिथे मिठागरं होती तिथे कंटेनर एकावर एक रचलेले, गाव मधे बेटासारखं उरलेलं, घरं दोन-दोन मजली, टाइल्स लावलेली. काट्यावरच्या त्या कारकुनाची चौकशी केली तर एका मुलीने लगेच त्याचं दुकान दाखवलं. नळाचे पाइप, रंगाचे डबे, वायरींची भेंडोळी असं सामान होतं. तो गल्ल्यावर बसला होता, केस सगळे पांढरे, गुडघ्याला पट्टा. त्याने मला लगेच ओळखलं.

“काट्याचे साहेब,” तो म्हणाला. “पाइप पायजेल का नल?”

मी कागद पुढे केले. त्याने सावकाश वाचले. त्याची बायको आतून येऊन मागे उभी राहिली आणि तिनेही त्याच्या खांद्यावरून वाचलं.

“बरं,” तो म्हणाला. “आता यांचं काय करू मी? नोकरी तर आता द्याल तरी नको. जमिनीच्या बदल्यात प्लॉट भेटला, दुकान चाललंय.”

“तुमच्याकडे असावेत म्हणून आणले.”

“माज्याकडं असून काय?” त्याने कागदांची घडी घातली. “मला म्हाईतच व्हतं मी काय केलं नाय. ह्ये गावाला म्हाईत नाय.”

मग त्याच्या बायकोने सांगितलं. गावच्या चैत्रातल्या जत्रेला देवाची पालखी देवळातून निघते, तेव्हा पुढच्या दांडीचा पहिला खांदा त्यांच्या घराण्याचा. सासऱ्यानंतर तो याच्याकडे आला होता. नोकरी गेली त्या वर्षी गावकीने, म्हणजे गावच्या पंचांनी आणि कर्त्या माणसांनी सभा घेऊन मान काढून दुसऱ्या घराला दिला. चोराच्या खांद्यावर देव नको, असं ठरलं.

“जत्रा आली का ह्ये दुकान उघडं ठेवून बसतात,” ती म्हणाली. “पालखी दारावरनं जाते. ह्ये पाइप मोजत बसतात.”

“तू गप गं.”

“बावीस वरसं गप हाय.” ती माझ्याकडे वळली. “तुमी गावकीत येऊन बोला. आयतवारी असतेय गावकी.”

मी हो म्हणालो.

माळ्यावरचं मशीन उतरवायला एक आठवडा गेला. आतली धूळ काढली, एक भाग कळंबोलीच्या जुन्या बाजारातून आणला. तिसऱ्या प्रयत्नाला ते सुरू झालं. काट्याचा पहिला प्रोग्राम, बदल करण्याआधीचा, त्यात अजून होता. रविवारी सकाळी टेम्पो करून ते घेऊन गेलो.

समाजमंदिराच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. सतरंजीवर जुनी माणसं, मागे खुर्च्यांवर तरुण, मोबाइल बघत. तो कारकून कडेच्या खांबाला टेकून बसला होता. गावकीत सहसा बायका बसत नाहीत, पण त्याची बायको येऊन दाराच्या आत बसली आणि तिला कुणी उठवलं नाही. अध्यक्ष माझ्याच वयाचे, कानाला यंत्र लावलेले. मी पत्र वाचून दाखवलं.

“समजलं नाय,” अध्यक्ष म्हणाले. “मशीन बोललं नोंद झाली, आनि झाली नव्हती? असं कसं?”

“करून दाखवतो,” मी म्हणालो. “मला नऊ गाड्यांचे नंबर द्या.”

हे त्यांना आवडलं. खुर्च्यांवरून आपापल्या टेम्पोचे, डंपरचे नंबर यायला लागले. एकाने पाण्याच्या टँकरचा दिला. “त्येचा घालू नका,” दुसरा ओरडला, “त्येचा टँकर रस्त्यातच गलतो, वजन चुकेल!” मी नऊ नंबर घातले. दर वेळी पडद्यावर ‘नोंद झाली’ आलं आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनी ते मोठ्याने वाचलं.

“आता वीज बंद करा,” मी म्हणालो.

एकाने मेन स्विच पाडला. पंखे क्षणभर मंदावले आणि पुन्हा फिरायला लागले. मशीनचा पडदा तसाच उजळ. हॉल हसायला लागला.

“मशीनबी आमच्या गावाला घाबरलं!”

“अरं, इन्व्हर्टर हाय! गेल्या साली बसवला ना.”

“साहेब, वरसभर बिल आमी भरतो आनि तुमी वीज घालवता?”

मी खाली वाकून भिंतीतला प्लग ओढला. पडदा काळा झाला. पुन्हा लावला, बटण दाबलं. जुनं मशीन, अचानक बंद पडलं की सुरू होताना आधी स्वतःची डिस्क तपासत बसायचं. निळ्या पडद्यावर एक पट्टी हळूहळू सरकत होती. पट्टी संपली, मी प्रोग्राम उघडला. यादी कोरी होती.

अध्यक्ष उठून जवळ आले, पडद्याच्या अगदी जवळ. “माजा डंपर कुठं गेला?”

“गेला.”

“आनि तुमी बोललात जात नाय?”

“हो. तसं लिहून दिलं.”

मग मी दुसऱ्यांदा नऊ नंबर घातले आणि या वेळी फक्त प्रोग्राम मारला, वीज चालू ठेवली. पुन्हा उघडल्यावर नऊच्या नऊ होत्या. मी सांगितलं की आमच्या ऑफिसात मी एवढंच करून बघितलं होतं आणि पहिलंही करून बघितलं अशी खूण केली होती.

“म्हंजे,” खांबापासून तो पहिल्यांदा बोलला, “तुमी प्रोग्राम मारून बघितला, मशीन मारून नाय बघितलं. आनि बोललात, मशीन मेलं तरी चालंल.”

“तेवढंच,” मी म्हणालो. मॅन्युअलमधल्या सतरा दुरुस्त्या त्याने दोन ओळींत सांगितल्या होत्या.

मागून एक जण उठला. पालखीचा पहिला खांदा आता ज्यांच्याकडे आहे त्या घरातला. आवाज चढवला नाही त्याने. “आज गाड्या गेल्या, बराबर. पन त्या दिवशीबी तशाच गेल्या, कशावरनं? येनं पुसल्या नसतील कशावरनं?”

प्रश्न योग्य होता. मी म्हणालो, “ते मी सिद्ध करू शकत नाही. ती फाइल आता कुठेच नाही. मी एवढंच सांगू शकतो की याने पुसल्या असं जे लिहिलं गेलं ते मी लिहिलं आणि त्याला काही आधार नव्हता. तुमच्याकडे त्याच्याविरुद्ध दुसरं काही होतं का?”

“दुसरं काय नव्हतं,” तो म्हणाला आणि खाली बसला.

अध्यक्षांनी गावकीची जुनी वही मागवली. लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा वाळवीने खाल्लेल्या. पान सापडलं. चार ओळी होत्या, गोदामात चोरी केली असे कंपनीच्या पत्रावरून सिद्ध झाल्याने मान काढून घेण्यात येत आहे. कंपनीचं पत्र म्हणजे माझं.

“फाडा त्ये पान,” कुणीतरी म्हणालं.

“फाडायचं नाय,” खांबाजवळून तो म्हणाला. “फाडलं तर उद्या कोन बोलंल, व्हतं काय तरी, म्हनून फाडलं. ऱ्हाऊ दे. त्येच्या खाली लिवा.”

“तुमच्या कागदावर काढला,” अध्यक्ष मला म्हणाले, “तुमीच लिवा खाली.”

मी चष्मा पुसला आणि लिहायला बसलो. काय लिहितो ते मोठ्याने वाचत होतो. ‘वरील नोंद कंपनीच्या पत्रातील गैरसमजामुळे झाली असून...’

“गैरसमज कुनाचा?” दारातून त्याची बायको म्हणाली.

मी थांबलो.

“तुमाला समजलं व्हतं ना? आताच वाचलंत पत्रात. मंग गैरसमज कशाला लिवता? खोटं व्हतं त्ये. खोटं लिवा.”

हॉलमध्ये दोघा-तिघांनी तिला हळूच ‘वैनी’ म्हणून आवरायचा प्रयत्न केला. तो स्वतः माझ्या हाताकडे बघत होता. मी ती ओळ खोडली. खाडाखोड स्पष्ट दिसेल अशीच राहू दिली. मग लिहिलं, ‘वरील नोंद माझ्या पत्रावरून झाली. ते पत्र खोटे होते. नोंदी पुसल्या गेल्या असे म्हणण्यास माझ्याकडे कोणताही आधार नव्हता आणि हे मला ठाऊक होते.’ सही केली, तारीख घातली. वही हातोहात फिरली. ती त्याच्याकडे पोचली तेव्हा त्याने मजकूर दोनदा वाचला, एकदा मनात आणि एकदा ओठ हलवत. मग ती बायकोकडे दिली.

ती वाचून उठली. जाताना माझ्याजवळ थांबली. “बराबर लिवलंत,” ती म्हणाली. “पन जत्रंला या असं मी बोलनार नाय.”

“नाही,” मी म्हणालो. “मी येणार नाही.”

ती निघून गेली. मी मशीनच्या वायरी सोडवायला लागलो. अध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि खांबाकडे बघून म्हणाले, “मंग चैत्रात पयला खांदा तुजा. कोनाला काय बोलायचंय?”

मागे बसलेला तो माणूस म्हणाला, “आमी सोडतो. आमच्याकडं दुसरा ऱ्हाऊ दे.”

“दुसरा तुमचाच,” अध्यक्ष म्हणाले. “ठरलं.”

“एक अडचन हाय,” तो खांबाला धरून उठत म्हणाला. “पयला खांदा उजवा असतो. माजा उजवा गुडगा गेलाय. उजव्या बाजूचं वजन नाय झेपायचं. डावा देऊ का?”

सगळे एकदम बोलायला लागले. डावा पहिला कधी झालाच नाही, असं एक म्हणत होता. दुसरा म्हणाला, आपल्या आजोबांनी एकदा हात मोडला तेव्हा डावाच दिला होता, विचारा कुणालाही. विचारायला आता कोण आहे, तिसऱ्याने विचारलं. कानाचं यंत्र नीट करत अध्यक्ष म्हणाले, एकेकाने बोला. तो हॉलच्या मधोमध उभा राहून हातवारे करत काहीतरी समजावत होता आणि त्याचं म्हणणं खोडून काढायला चार जण उठले होते. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. टेम्पोवाल्याने आणि मी मशीन उचललं आणि बाहेर आणलं. गावाच्या वेशीपर्यंत त्यांचा आवाज येत होता.